प्राथमिक शाळेतील धर्मसहिष्णुतेचे शिक्षण : मौन, कथा आणि सहवास

भिन्नधर्मीय मुले ज्या शाळेत एकत्र बसतात त्या शाळेने धर्माविषयी काय बोलावे, हा प्रश्न महाराष्ट्रात नवा नाही. मुंबई इलाख्यात सरकारी शिक्षणाचा पाया घातला गेला तेव्हापासून तो वारंवार उपस्थित झालेला आहे आणि प्रत्येक पिढीने त्याला आपापल्या परीने उत्तर दिलेले आहे. ही उत्तरे वरवर पाहता परस्परांहून फार भिन्न भासतात. तथापि बारकाईने पाहिल्यास त्यांत तीन प्रवृत्ती स्पष्टपणे निवडता येतात. धर्माविषयी शाळेने मुळीच बोलू नये, ही पहिली. सर्व धर्मांतील सत्पुरुषांच्या कथा सांगाव्यात, ही दुसरी. सांगण्यापेक्षा मुलांना एकत्र राहू द्यावे, ही तिसरी. या तीन प्रवृत्तींचा इतिहास येथे संक्षेपाने मांडावयाचा असून, त्या तिन्हींना व्यापून असलेल्या एका घटकाकडे, म्हणजे पाठ्यपुस्तकाच्या भाषेकडे, लक्ष वेधावयाचे आहे. सहा-सात वर्षांच्या मुलाला तत्त्वज्ञान कळत नाही. परंतु वाक्यातील 'आपण' या शब्दात आपला समावेश आहे की नाही, हे त्याला अचूक कळते.

१

माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टन याने १८२३ च्या डिसेंबरात लिहिलेल्या शिक्षणविषयक टिपणात सरकारी शिक्षणाच्या योजनेत धर्माचे मिश्रण अत्यल्प प्रमाणातही होऊ नये, असे निक्षून सांगितले होते. हे धोरण केवळ औदार्यातून आलेले नव्हते. पेशवाईच्या अस्तास तेव्हा जेमतेम पाच वर्षे लोटली होती, आणि नव्या राज्यकर्त्यांना लोकांचा संशय ओढवून घेणे परवडणारे नव्हते. हेतू काहीही असो, त्याचा परिणाम मराठी बालवाङ्मयाच्या घडणीवर झाला. सदाशिव काशीनाथ छत्रे यांची 'बाळमित्र' आणि 'इसपनीतिकथा' ही पुस्तके १८२८ मध्ये प्रसिद्ध झाली. बाळशास्त्री जांभेकर यांनीही 'नीतिकथा' लिहिल्या. इसापाच्या कोल्ह्याला आणि करकोच्याला धर्म नसतो. त्यामुळे कोणाच्याही श्रद्धेला धक्का न लावता सत्य, उद्योग, कृतज्ञता इत्यादी गुणांचा बोध करण्याची सोय या कथांनी झाली. परक्या प्रदेशातून आलेल्या प्राणिकथा मराठी शाळेत इतक्या सहज रुजल्या, याचे एक कारण या तटस्थतेत शोधावे लागते.

शाळेतील हे मौन का आवश्यक वाटले, हे पुढील दोन दशकांतील घटनांवरून समजते. १८३९ मध्ये डॉ. जॉन विल्सन यांच्या मुंबईतील शाळेत शिकणाऱ्या दोन पारशी तरुणांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तेव्हा प्रकरण न्यायालयात गेले आणि अनेक पालकांनी आपली मुले त्या शाळेतून काढून घेतली. १८४३ मध्ये नारायण शेषाद्री यांनी धर्मांतर केले. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत हा अल्पवयीन असल्याने न्यायालयाने त्यास पित्याच्या स्वाधीन केले. तथापि मिशनऱ्यांच्या घरी राहिलेल्या या मुलाला पुन्हा जातीत घ्यावे की नाही, यावरून मुंबईच्या ब्राह्मण समाजात मोठी दुफळी माजली. जांभेकरांनी त्याच्या शुद्धीचा पक्ष घेतला आणि त्याबद्दल रोष पत्करला. शाळेत गेलेले मूल घरी परतेल ना, ही शंका त्या काळी आईबापांच्या मनात खरोखरीच घर करून होती. १८५४ च्या वुडच्या खलित्याने सरकारी संस्थांतील शिक्षण धर्मविरहित ठेवण्याचे तत्त्व कायम केले. बायबल ग्रंथालयात असावे, विद्यार्थ्याने आपखुशीने व शाळेच्या वेळेबाहेर विचारल्यास शिक्षकाने उत्तर द्यावे, एवढीच मोकळीक त्यात होती. १८५८ च्या राणीच्या जाहीरनाम्याने या तटस्थतेला राजघोषणेचे बळ दिले.

या मौनाचे श्रेय मान्य केले पाहिजे. त्याने शाळेचे दार सर्वांना किमान तत्त्वतः उघडे ठेवले. परंतु त्याची मर्यादाही तितकीच उघड आहे. जे शाळेत बोलले जात नाही ते घरी, आळीत आणि बाजारात बोलले जातेच. आणि तेथे ते तपासून घेण्याची कोणतीही व्यवस्था नसते.

२

१८८२ च्या हंटर आयोगापुढे हा प्रश्न पुन्हा आला. निसर्गसिद्ध धर्माच्या मूलतत्त्वांवर आधारलेले एक नीतिपाठाचे पुस्तक महाविद्यालयांसाठी तयार करावे, अशी शिफारस आयोगाने केली. आयोगाचे सदस्य न्यायमूर्ती काशीनाथ त्र्यंबक तेलंग यांनी या शिफारशीविरुद्ध आपले भिन्न मत नोंदविले, आणि पुढे हिंदुस्थान सरकारनेही ती शिफारस अमलात आणली नाही. सर्व धर्मांतून समान अंश गाळून काढून त्याचे एक पुस्तक करावे, ही कल्पना भारतीय शिक्षणात पुढेही अनेकदा डोके वर काढते. तिचा आरंभ येथे दिसतो.

याच आयोगाला १८८२ च्या ऑक्टोबरात महात्मा जोतीराव फुले यांनी निवेदन सादर केले. प्राथमिक शाळेच्या अभ्यासक्रमाची जी रूपरेषा त्यांनी सुचविली, तीत मोडी व बाळबोध लेखनवाचन, हिशेब, इतिहास, भूगोल, व्याकरण आणि शेतीचे प्राथमिक ज्ञान यांबरोबर नीती आणि आरोग्य यांविषयीचे थोडे पाठ होते. धर्माचा स्वतंत्र विषय तीत नाही. परंतु जोतीरावांना धर्माविषयी मौन पाळावयाचे होते, असा निष्कर्ष यावरून काढणे चुकीचे ठरेल. त्यांच्या निधनानंतर १८९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' या ग्रंथात त्यांनी एका कुटुंबाचे चित्र रेखाटले आहे. त्या कुटुंबातील स्त्रीने बौद्ध धर्माचा ग्रंथ वाचून तो धर्म स्वीकारला, पतीने बायबल वाचून ख्रिस्ती धर्म घेतला, कन्येने कुराण वाचून इस्लामचा अंगीकार केला, पुत्र सत्यधर्मी झाला, तरीही त्यांनी एकमेकांचा हेवा न करता एका घरात प्रेमाने नांदावे, असा त्याचा आशय आहे.

शैक्षणिक दृष्टीने या चित्राचे महत्त्व मोठे आहे. १८३९ आणि १८४३ च्या प्रकरणांत धर्मांतराने घर मोडत होते. जोतीरावांच्या कल्पनेत धर्मांतर होऊनही घर टिकते. शिवाय येथे प्रत्येक व्यक्ती ग्रंथ वाचून, विचार करून निर्णय घेते, आणि त्या व्यक्तींत कन्याही आहे. सहिष्णुतेचे हे चित्र दोन समाजांतील तहाचे नाही. एका छपराखालच्या जिव्हाळ्याचे ते चित्र आहे, आणि मुलाला सर्वप्रथम परिचित असते ते हेच घर.

३

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सहवासाचा मार्ग प्रत्यक्षात उतरलेला दिसतो. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून निरनिराळ्या समाजांच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उघडविली अथवा त्यांना आश्रय दिला. मराठा आणि जैन वसतिगृहांपाठोपाठ १९०६ मध्ये मुस्लिम विद्यार्थ्यांसाठीही वसतिगृह निघाले. १९१७ मध्ये संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करण्यात आले. जे समाज शिक्षणापासून पूर्णपणे वंचित होते त्यांना प्रथम शाळेपर्यंत आणावयाचे, तर ज्या त्या समाजाचा विश्वास संपादन करणे अपरिहार्य होते, आणि त्यासाठी स्वतंत्र वसतिगृहांची ही पद्धती त्या काळी उपयुक्त ठरली.

याच कोल्हापुरातील जैन वसतिगृहात भाऊराव पाटील काही काळ विद्यार्थी होते. अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाच्या समारंभास जाऊन आल्यावर स्नान करण्यास त्यांनी नकार दिला आणि त्यामुळे त्यांना वसतिगृह सोडावे लागले, असे त्यांच्या चरित्रात नोंदलेले आहे. १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केल्यावर १९२४ मध्ये त्यांनी साताऱ्यास जे छात्रालय काढले, त्यात सर्व जातिधर्मांची मुले एकत्र ठेवली. मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान मुलांनी एकाच पंक्तीला जेवावे, स्वयंपाकात आणि श्रमात वाटा उचलावा, हा तेथील नियम होता. १९२७ मध्ये महात्मा गांधींनी या छात्रालयास भेट दिली. शाहू महाराजांच्या वसतिगृहांनी मुलांना शिक्षणाच्या उंबरठ्यावर आणले. भाऊरावांच्या छात्रालयाने त्यांना एका चुलीभोवती बसविले. पहिल्या टप्प्यावाचून दुसरा शक्य झाला असता की नाही, हे सांगणे कठीण आहे. परंतु पहिल्यावरच थांबले असता मुले सुशिक्षित होऊनही परस्परांना अपरिचित राहिली असती, यात संशय नाही.

४

शिक्षणातील सहिष्णुतेच्या परिभाषेचा प्रश्न ऐरणीवर आला तो येरवड्याच्या तुरुंगात. १९३० मध्ये आश्रमवासीयांना लिहिलेल्या पत्रांतून गांधीजी एकेका व्रताचे विवेचन करीत होते. त्यांत 'सहिष्णुता' या शब्दाविषयी त्यांनी स्पष्ट असमाधान व्यक्त केले आहे. हा इंग्रजी शब्दाचा अनुवाद असून तो आपल्याला रुचत नाही, असे ते म्हणतात. कारण इतरांचा धर्म आपल्या धर्माहून कमी प्रतीचा आहे, ही भावना त्यात गृहीत धरलेली असते. त्यांच्या सोबत तेथे असलेल्या काकासाहेब कालेलकरांनाही तो शब्द पसंत नव्हता. त्यांनी 'आदर' हा शब्द सुचविला, पण त्यातही उपकाराची छटा गांधीजींना जाणवली. या चर्चेतून 'सर्वधर्मसमभाव' ही संज्ञा रूढ झाली. व्युत्पत्तीच्या दृष्टीने पाहता गांधीजींचा आक्षेप निराधार नव्हता. 'सहिष्णु' हा शब्द 'सह्' या धातूपासून आलेला आहे. आणि मराठीत मनुष्य सहन करतो ते दुःख, ताप किंवा अपमान. शेजाऱ्याच्या प्रार्थनेसाठी हेच क्रियापद वापरले म्हणजे तीही एक पीडा ठरते.

तथापि हीच व्यक्ती शाळेचा आराखडा आखताना किती सावध होती, हे लक्षात घेण्याजोगे आहे. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्यास भरलेल्या परिषदेनंतर डॉ. झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीत विनोबा भावे आणि काकासाहेब कालेलकर हेही होते. समितीने धर्मशिक्षणाचा स्वतंत्र विषय ठेवला नाही. सामाजिक शास्त्रांच्या अभ्यासात जगातील धर्मांचा आदरपूर्वक परिचय असावा, एवढेच सुचविले. १९३८ मध्ये याचे कारण देताना गांधीजींनी म्हटले की, आज धर्म ज्या रीतीने शिकविले व आचरले जातात त्यातून ऐक्याऐवजी कलहच उद्भवण्याचे भय आहे. सर्व धर्मांना समान अशी सत्ये मुलांना शिकविता येतील व शिकविली पाहिजेत, परंतु ती शब्दांनी किंवा पुस्तकांनी नव्हे, शिक्षकाच्या दैनंदिन जीवनातून.

परंतु शब्दांना टाळता येत नाही, याचा प्रत्यय त्याच वेळी आला. मध्य प्रांत व वऱ्हाडात रविशंकर शुक्ल यांनी ग्रामीण शाळांची 'विद्यामंदिर योजना' मांडली. हिंदी-मराठी भाषकांच्या कानाला 'मंदिर' हा शब्द येथे केवळ भवनवाचक वाटत होता. नागपूर-वऱ्हाडच्या मुसलमान पालकांना मात्र त्यात देवळाचा अर्थ ऐकू आला. या नावावरील आक्षेप १९३८ च्या पिरपूर अहवालात नमूद झाला आणि प्रांतिक राजकारणात तो दीर्घकाळ धुमसत राहिला. त्यामागे राजकीय हेतू होते, हे खरे. परंतु एवढ्याने प्रश्न मिटत नाही. बहुसंख्याकांच्या भाषेत ज्या शब्दाचा धार्मिक अर्थ झिजून गेलेला असतो, त्याच शब्दात अल्पसंख्याकांना तो अर्थ ताजा जाणवू शकतो. पाठ्यपुस्तक लिहिणाऱ्याने ही वस्तुस्थिती विसरून चालत नाही.

५

स्वातंत्र्योत्तर काळात या विचारमंथनाला घटनात्मक चौकट लाभली. १९४८ च्या डिसेंबरात घटनासमितीत धार्मिक शिक्षणाच्या कलमावर चर्चा झाली, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी एक मूलभूत भेद विशद केला. एखाद्या धर्माचे सिद्धान्त सत्य म्हणून मनावर बिंबविणे वेगळे आणि धर्माचा अभ्यास करणे वेगळे, हा तो भेद होय. १९५० मध्ये अमलात आलेल्या राज्यघटनेच्या २८ व्या अनुच्छेदाने संपूर्णपणे राज्याच्या पैशावर चालणाऱ्या संस्थांत धार्मिक शिक्षण देण्यास मनाई केली. आणि अनुदानित वा मान्यताप्राप्त संस्थांत विद्यार्थ्याच्या, तो अज्ञान असल्यास त्याच्या पालकाच्या, संमतीवाचून अशा शिक्षणाची सक्ती करता येणार नाही, असे ठरविले.

या चौकटीत काय करता येईल, याचा शोध पुढे चालू राहिला. १९५९ मध्ये केंद्र सरकारने धार्मिक व नैतिक शिक्षणाविषयी जी समिती नेमली, तिचे अध्यक्ष श्रीप्रकाश हे त्या वेळी मुंबई राज्याचे राज्यपाल होते. असफ अली असगर फैझी हे तिचे एक सदस्य होते. १९६० च्या अहवालात प्राथमिक शाळेसाठी समूहगान, साधुसंत व धर्मसंस्थापक यांच्या सोप्या जीवनकथा, प्रमुख धर्मांशी निगडित असलेल्या कला व वास्तू यांचा चित्रांद्वारे परिचय, असे उपाय सुचविलेले आहेत. १९६४ ते १९६६ या काळातील कोठारी आयोगाने 'धार्मिक शिक्षण' आणि 'धर्मांविषयीचे शिक्षण' असा भेद करून दुसऱ्याचा पुरस्कार केला, आणि प्राथमिक टप्प्यावर महान धर्मांतील कथांचा उपयोग करावा, असे म्हटले. या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे गारगोटीच्या मौनी विद्यापीठाच्या रूपाने ग्रामीण महाराष्ट्राच्या शिक्षणाशी निकटचा संबंध असलेले शिक्षणतज्ज्ञ होते. १९९९ मध्ये शंकरराव चव्हाण यांच्या अध्यक्षतेखालील संसदीय समितीने मूल्यशिक्षणाचा पुरस्कार करताना सर्व धर्मांच्या मूलतत्त्वांचा परिचय व्हावा, असे मत दिले. २००२ मध्ये अरुणा रॉय खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या अहवालाचा आधार घेऊन, धर्मांविषयीचे शिक्षण २८ व्या अनुच्छेदाच्या विरुद्ध नाही, असा निर्णय दिला. आंबेडकरांनी केलेला भेद अशा रीतीने अर्धशतकानंतर न्यायनिर्णयात स्थिरावला.

कथांच्या या मार्गासाठी मराठी परंपरेत सामग्रीची वाण नाही. 'योगसंग्राम' लिहिणारे श्रीगोंद्याचे शेख महंमद आहेत. १६१६ मध्ये गोव्यात मराठीत 'ख्रिस्तपुराण' छापविणारे फादर स्टीफन्स आहेत. परंतु या मार्गाचाही एक दोष सांगितला पाहिजे. कथेतील सत्पुरुष मुलाला वंद्य होतो, तरी त्या सत्पुरुषाच्या धर्माचा शेजारी परकाच राहू शकतो. कबीर पाठ असणे आणि गल्लीतील विणकराच्या घरी पाणी पिणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत.

६

येथे भाषेचा प्रश्न निर्णायक ठरतो. मराठीत प्रथमपुरुषी अनेकवचनाची दोन रूपे आहेत. 'आम्ही' या रूपातून श्रोता वगळला जातो. 'आपण' या रूपात तो समाविष्ट होतो. हा भेद हिंदीत नाही. मराठीत तो असण्याचा संबंध विद्वानांनी द्राविड भाषांच्या सान्निध्याशी जोडलेला आहे. बालवाचनमालेची स्वाभाविक भाषा 'आपण'ची असते, कारण तीत लेखक आणि बालवाचक एकत्र येतात. आता पुढील दोन वाक्ये नमुन्यादाखल घ्यावीत: 'आपण दिवाळीला फराळ करतो.' 'मुसलमान लोक ईदला शिरखुर्मा करतात.' दोन्ही वाक्ये सत्य आहेत, दोन्हींत सद्भाव आहे, आणि दुसरे तर सहिष्णुतेच्या हेतूनेच लिहिले जाईल. परंतु वर्गात बसलेल्या मुसलमान मुलीच्या दृष्टीने पहिल्या वाक्यातील 'आपण'मध्ये ती नाही, आणि दुसऱ्या वाक्यात ती तृतीयपुरुषी 'लोक' झालेली आहे. तिच्याविषयी बोलले जात आहे, तिच्याशी नव्हे. शेजारच्या हिंदू मुलालाही व्याकरणाने नकळत शिकविले आहे की पुस्तक त्याचे आहे आणि ती त्यातील एक विषय आहे. पाहुण्याचे स्वागत कितीही आदराने केले, तरी त्याला यजमान म्हणता येत नाही.

यावर उपाय अवघड नाही. दोन्ही वाक्यांत मुलांची नावे घालावीत, अथवा दोन्ही सण 'आपल्या गावात' साजरे व्हावेत. 'आपले गाव', 'आपली शाळा', 'आपला देश' यांतील 'आपण' खऱ्या अर्थाने सर्वसमावेशक आहे. 'आपला धर्म' या प्रयोगात तो तसा राहात नाही. पाठ्यपुस्तकांच्या आरंभी राज्यघटनेची जी उद्देशिका छापलेली असते, तिचा मराठी पाठ 'धर्मनिरपेक्ष' हा शब्द योजतो, तर हिंदी पाठात 'पंथनिरपेक्ष' हा शब्द आहे. म्हणजे 'धर्म' या शब्दाच्या अर्थविस्ताराविषयी शासकीय भाषांतही एकवाक्यता नाही. मराठीत तर हा विस्तार फारच मोठा आहे. भिक्षा ती धर्म, कर्तव्य तो धर्म, अग्नीचा स्वभाव तो त्याचा धर्म. आणि 'धर्मशाळा' ही कोणाही वाटसरूसाठी असते. याच कुळातील 'शेजारधर्म' हा शब्द विशेष विचारार्ह आहे. धर्म म्हणजे संप्रदाय, हे कळण्यापूर्वी मुलाला शेजारधर्म अनुभवाने कळलेला असतो: वाटीभर साखर उसनी आणणे, आजाऱ्याच्या उशाशी बसणे, सणाचे ताट एकमेकांकडे पोचविणे. 'सहिष्णुता' या शब्दातील सोसणे आणि 'आदर' या शब्दातील उपकार, हे दोन्ही दोष या देशी शब्दात नाहीत. शिवाय त्यात परस्परता आहे, कारण शेजार हा एकतर्फी असू शकत नाही.

अर्थात शब्दाने सर्व साधेल, असे मानणे भाबडेपणाचे होईल. शेजारधर्माला शेजार लागतो. आज अनेक नगरांत वस्त्या धर्मानुसार विभागलेल्या आहेत. शाळांचे माध्यमही बहुधा त्याच रेषेने जाते, आणि मराठी शाळेतील मुलाला उर्दू शाळेतील समवयस्क भेटण्याचा प्रसंगच येत नाही. एल्फिन्स्टनच्या काळी भिन्नधर्मीय मुले एका वर्गात टिकावीत म्हणून शाळेने मौन पत्करले होते. आता शाळा बोलू लागली आहे, तिला बोलण्याचा घटनात्मक आधारही आहे. परंतु ज्यांच्याविषयी बोलावयाचे ते मूलच पुष्कळदा त्या वर्गात नसते. सुमारे दोनशे वर्षांतील तिन्ही प्रवृत्तींचा हा इतिहास पाहता, कथेला सहवासाची जोड नसेल तर ती केवळ माहिती होते, आणि सहवासाला समावेशक भाषेची जोड नसेल तर तो सोबत बसण्यापुरता उरतो, असे म्हणणे भाग आहे. क्रमिक पुस्तकांच्या भाषेची या दृष्टीने पद्धतशीर तपासणी होणे, सर्वनामांपासून सणांच्या वर्णनापर्यंत ती वाचली जाणे, हे भाषाशास्त्र आणि शिक्षणशास्त्र या दोन्ही विभागांतील अभ्यासकांपुढील कार्य आहे. त्याबरोबरच मराठी व उर्दू शाळांतील मुले निदान खेळाच्या मैदानावर आणि सहलीत एकत्र कशी येतील, याचा विचार शाळा चालविणाऱ्या नगरपालिकांनी व जिल्हा परिषदांनी केला पाहिजे.